भाऊंचं डोकं आणि शाळेचं छत

भाऊंच्या डोक्यावर पाण्याने भरलेला डबा पहिल्यांदा उलटा धरला गेला तो एका रविवारी सकाळी, ते खुर्चीत बसून पेपर वाचत असताना, आणि तोही त्यांना न विचारता. त्यांनी डोळे वर केले तर बायको मागे उभी. हातात निळा डबा, बूड वर, झाकण खाली, आणि झाकणाच्या बरोबर खाली भाऊंचं अर्धं टक्कल.

"हलू नका हं, अहो," ती म्हणाली. "थेंबसुद्धा पडायचा नाही."

आणि खरोखरच पडला नाही. पण स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत, घरच्या कर्त्या माणसाने असं जीव मुठीत धरून बसायचं, ही काय तऱ्हा झाली, असा प्रश्न भाऊंना पडला. तो त्यांनी विचारला मात्र नाही, कारण त्या घडीला तोंड उघडलं तर मान हलेल अशी भीती होती.

त्याचं असं झालं होतं, की वहिनींनी घट्ट झाकणांचे प्लास्टिकचे डबे विकायला घेतले होते. (इमारतीतले लहानथोर सगळे तिला वहिनी म्हणत आणि त्यांना भाऊ. आपणही तसंच म्हणू या.) या डब्यांना दुकान नसतं. कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत शेजारणी जमवायच्या, चहा व्हायचा, मग विकणारीने डबे मांडायचे, दाखवायचे आणि तिथल्या तिथे ऑर्डर घ्यायची. अध्येमध्ये हा उलट्या डब्याचा खेळ. वहिनींचं बोलणं गोड, हात चलाख, आणि प्रयोगासाठी हक्काचं एक डोकं घरातच उपलब्ध. बघता बघता इमारत संपली. म्हणजे इमारत होती जागच्या जागी, पण डबा न घेतलेलं बिऱ्हाड तीत उरलं नाही.

मग 'वरच्या ताईं'चा फोन आला. या ताई राहायच्या तळमजल्यावर, पण डब्यांच्या कंपनीच्या शिडीवर वहिनींच्या एक पायरी वर होत्या, म्हणून वरच्या. "अगं, घराघरात किती दिवस कपबशा मोजत बसणार?" त्या म्हणाल्या. "शाळा पकड, शाळा! शाळेला निधी हवा असतो, आपल्याला माणसं हवी असतात. एका संध्याकाळी सगळे पालक समोर. जे विकलं जाईल त्यातला ठरलेला हिस्सा शाळेच्या कामाला द्यायचा. पालकांना पुण्यही मिळतं आणि डबाही."

वहिनींनी फोन ठेवला आणि खिडकीतून रस्त्याच्या टोकाकडे बघत उभ्या राहिल्या. भाऊंना ते बघणं ओळखीचं होतं. ते सुरू झालं की घरातलं काहीतरी जागेवरून हलायचं.

"आमच्या शाळेचं छत गळतंय," वहिनी म्हणाल्या.

रस्त्याच्या टोकाला जी शाळा होती तिथे वहिनी शिकल्या होत्या. त्यांच्या माहेरी पुस्तक म्हणून एक पंचांग आणि एक रेडिओची माहितीपुस्तिका. बाकी जन्मात जे काही वाचलं, ते त्या शाळेच्या हॉलमधल्या कपाटांतलं. मधल्या सुट्टीत डबा खाता खाता वाचायच्या, आणि डबा सांडून पुस्तकाला डाग पाडल्याबद्दल ओरडाही खायच्या. आता त्या हॉलच्या डोक्यावर पाण्याची टाकी होती, टाकी फुटकी होती, आणि पंप चालू झाला की कपाटांवर थेंब पडायचे. यंदा दुरुस्ती झाली नाही तर पुस्तकं बांधून तळघरात टाकणार, असं मुख्याध्यापिका बाईंनी त्यांना बँकेच्या रांगेत सांगितलं होतं. तळघरात गेलेला कागद पुन्हा उजेडात येत नाही, हे भाऊंना सांगायची गरज नव्हती. ते एका विमा कचेरीच्या रेकॉर्ड विभागाचे प्रमुख होते.

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहत. ते कशातून निवृत्त झाले होते हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण सल्ला देण्यातून झालेले नव्हते हे नक्की. सगळे त्यांना सल्लागारच म्हणत. ते संध्याकाळी चपला घालून, म्हणजे लांबचा मुक्काम करायच्या बेताने, खाली उतरले.

"डबे विकायचेत असं म्हणूच नका," ते म्हणाले. "'साठवण व्यवस्था' म्हणा. आणि भाऊ, तुम्ही कोट घाला. कोट घातलेला माणूस बरोबर असला की बाईमाणसाचं ऐकतात."

"मग कोटच पाठवते," वहिनी म्हणाल्या. "यांना कशाला त्रास?"

सल्लागार हसले, चहा घेतला, आणि पहिल्या भेटीत पाण्याचा विषय काढू नका असा आणखी एक सल्ला देऊन वर गेले. हा सल्ला, आश्चर्य म्हणजे, बरोबर निघाला.

दोघं शाळेत गेली तेव्हा मुख्याध्यापिका बाईंनी कार्यक्रमाला उभ्या उभ्या होकार दिला. अशा वेळी माणसाने लगेच घरी यावं. पण बाई म्हणाल्या, "तेवढं फक्त हेडक्लार्कना सांगून जा," आणि तिथेच घोडं अडलं.

हेडक्लार्क हॉलमध्येच भेटले. ते बारीक बांध्याचे, शर्टाचं वरचं बटण लावलेले, आणि प्रत्येक वाक्यानंतर पेनाचं टोपण घालणारे गृहस्थ होते. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, वाखाणलंही. मग म्हणाले, "पण हॉलमध्ये पाणी आणता येणार नाही." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे पाटी होती : सभागृहात पाणी आणण्यास सक्त मनाई आहे. पाटीचा खालचा कोपरा ओलीने फुगला होता. भाऊंनी पाटीवरून नजर वर नेली. छताला एक थेंब लोंबकळत होता. तो त्यांच्या देखत सुटला आणि कपाटावरच्या प्लास्टिकवर पडला.

"आणि हे हो?" भाऊंनी विचारलं.

"हे आणलेलं नाही," हेडक्लार्क म्हणाले. "हे येतं."

भाऊ स्वतः कचेरीतले असल्यामुळे त्यांना या उत्तराबद्दल आतून आदरच वाटला. वहिनींनी मात्र ते उत्तर ऐकून घेतलं आणि, नंतर कळलं, नीट जपून ठेवलं.

"विशेष परवानगी मिळेल," हेडक्लार्क पुढे म्हणाले. "पाणी किती, कशासाठी, आणि कुठे पडायची शक्यता आहे, ते लिहून द्या."

"यांच्या डोक्यावर," वहिनी म्हणाल्या. "पण पडणार नाही."

हेडक्लार्कनी भाऊंच्या डोक्याकडे असं बघितलं, जणू ते शाळेच्या मालमत्तेत जमा करून घ्यायचं आहे. "मग यांचं संमतिपत्र लागेल. डोकं यांचं, सही यांची."

आता इथे भाऊंची बाजूही समजून घ्यायला हवी. घरात डोकं दिलं ती गोष्ट वेगळी. शेजारणींसमोर दिलं, तेही चालून गेलं. पण लेखी? 'मी, खाली सही करणार, माझ्या डोक्यावर पाण्याचा डबा उलटा धरण्यास राजीखुशीने संमती देत आहे' असं एकदा लिहिलं की ते फायलीत जाणार, फाईल रेकॉर्डला जाणार, आणि रेकॉर्डला गेलेला कागद माणूस गेला तरी राहतो. शिवाय भाऊंच्या साहेबांची मुलगी याच शाळेत. साहेब पहिल्या रांगेत बसलेत आणि रेकॉर्ड विभागप्रमुख डब्याखाली, हे चित्र डोळ्यांपुढे येताच भाऊंच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं.

"मी लिहून देणार नाही," ते म्हणाले.

वहिनी म्हणाल्या, "बरं."

भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात भाऊंचा हातखंडा नसला तरी अनुभव दांडगा होता. पण या 'बरं'ला कुठून धरायचं? वाटेत वहिनी भाजीच्या भावाबद्दल बोलल्या, घरी आल्यावर कणीक मळली, आणि रात्री गच्चीवरचे कपडे काढायला त्यांनी भाऊंना सांगितलं नाही, स्वतः गेल्या. भाऊंना वाटलं, आपण काहीतरी मोडलंय आणि ते कुठे पडलंय हे दिसत नाहीये.

माणसाला वाईट वाटलं की तो मदत करायला जातो, आणि तिथून पुढचे घोटाळे होतात. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी वहिनी पालकांना निरोप द्यायला बाहेर पडल्या, तेव्हा भाऊंनी सुट्टी टाकली. नमुन्याचे सगळे डबे बाहेर काढले, घासले, पुसले. मग रेकॉर्ड विभागात ज्या पद्धतीने त्यांचं नाव झालं होतं, त्या पद्धतीने लावले. सारखं सारख्याजवळ. डबे एकात एक, झाकणं एकावर एक, रंगाप्रमाणे, मोठं खाली, लहान वर. दुपारी उन्हात ती झाकणांची चळत अशी चमकत होती की भाऊंनी थोडं लांब जाऊनही बघितलं. मग वहिनींना उद्या त्रास नको म्हणून रंगाला रंग जुळवून झाकणं लावलीसुद्धा, आणि सगळं पिशवीत भरलं.

त्यांना एकच गोष्ट माहीत नव्हती. निळ्या डब्यांच्या दोन जाती होत्या. एक पातळ पदार्थांचा, त्याच्या झाकणाला आतून रबराची कडी. दुसरा कोरड्या जिनसांचा, त्याला कडी नाही. वरून बघाल तर दोन्ही झाकणं जुळ्या भावांसारखी.

ठरलेल्या संध्याकाळी हॉल भरला. साहेब पहिल्या रांगेत होते. शेजारी सल्लागार, कोट घालून. हेडक्लार्क पाटीखाली खुर्ची टाकून बसले होते, कुणी पाण्याची बाटली आणली तर बघायला. भाऊ भिंतीला टेकून उभे राहिले, कुणाचेच कुणी नसल्यासारखे.

वहिनींनी पाण्याविनाच सुरुवात केली, आणि पहिल्या काही वाक्यांतच भाऊंच्या लक्षात आलं की गाडं रुतलंय. बैठकीच्या खोलीत जो आवाज कानाशी यायचा, तो या उंच छतात विरून जात होता. "हा डबा अजिबात गळत नाही," त्या म्हणाल्या. लोकांनी डब्याकडे बघितलं. प्रत्येक विकणारा तेच सांगतो. मागे कुणीतरी जांभई दिली. एक बाप मुलाला बखोटीला धरून दाराकडे निघाला. मुख्याध्यापिका बाई उगाचच मान डोलावत होत्या. वहिनींनी एकदा कपाटांकडे बघितलं. फक्त एकदाच, पण भाऊंनी ते पाहिलं. आपली एक सही असती तर!

एवढ्यात शिपायाने नेहमीच्या वेळी पंप लावला. त्याला कार्यक्रमाचं कुणी सांगितलंच नव्हतं.

आधी टप असा एक आवाज झाला, मग टपटप, आणि मग कपाटांच्या वर अशी धार लागली की प्लास्टिकचा कागद एका बाजूने कलंडला. वहिनी बोलता बोलता थांबल्या. पदर खोचला, टेबलावरच्या काही डब्यांची झाकणं काढली, ते दोन्ही हातांनी उचलले आणि धावल्या. स्टुलावर चढून एकेका धारेखाली एकेक डबा ठेवत सुटल्या. विक्री, पालक, साहेब, कुणाची म्हणून शुद्ध नाही. "ती खालची पुस्तकं ओढा!" त्या ओरडल्या, आणि तो आवाज मात्र हॉलच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचला. दाराशी गेलेला बाप परत फिरला आणि पुस्तकं ओढायला लागला. साहेबही उठले. कोटामुळे सल्लागारांचे हात वर होईनात, म्हणून ते खालच्या फळीवर सल्ले देत राहिले.

धार थांबली तेव्हा वहिनी स्टुलावर उभ्या होत्या, केस विस्कटलेले, आणि हातात तांबूस पाण्याने काठोकाठ भरलेला निळा डबा. सगळा हॉल त्यांच्याकडे बघत होता. आता कुणीही जांभई देत नव्हतं.

त्यांनी टेबलापाशी येऊन डब्याला त्याच्यावर मघाशी होतं तेच झाकण लावलं. हेडक्लार्क उठून उभे राहिले. "वहिनी, हॉलमध्ये पाणी..."

"मी कुठे आणलंय?" वहिनी म्हणाल्या. "हे येतं."

हेडक्लार्क पेनाचं टोपण घालून खाली बसले.

"आता हा डबा मी उलटा धरणार," वहिनी म्हणाल्या. "फक्त खाली एक डोकं हवंय."

तांबूस पाणी बघून लोकांनी आपापली डोकी मागे घेतली. वहिनींनी भाऊंकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही. आणि नेमकं तेच भाऊंना सोसवेना. त्यांनी खुर्ची ओढली, अगदी साहेबांच्या समोर, मधोमध, आणि छाती काढून तिच्यावर बसले.

"धर," ते म्हणाले.

वहिनींनी डबा उलटा केला.

पुढचं फार लवकर झालं. झाकण सुटलं, भाऊंच्या टाळूवर आपटून साहेबांच्या पायाशी घरंगळत गेलं, आणि टाकीतलं सगळं गंजकं पाणी भाऊंच्या डोक्यावरून, चष्म्यावरून, शर्टाच्या आत, थेट मोज्यांपर्यंत उतरलं. मग कुठेतरी एक मूल खुदकन हसलं आणि सगळा हॉल फुटला. साहेब तर डोळे पुसत होते.

वहिनींनी झाकण उचललं. आतून बघितलं. रबर नाही. मग टेबलावरच्या, रंगाला रंग जुळवून लावलेल्या डब्यांकडे बघितलं, आणि भाऊंकडे. सगळं त्यांच्या ध्यानात आलं. नवऱ्याचं नाव घेतलं असतं तर त्या सुटल्या असत्या. त्या झाकण पदराने पुसत राहिल्या.

तेव्हा भाऊच उठले, निथळत. "झाकणं मी लावली होती," ते म्हणाले. "काल. मदत म्हणून."

आता हशा वेगळा झाला. तो बायकांच्या बाजूने आला आणि लांबत गेला. "आमच्याकडेपण!" कुणीतरी ओरडलं.

"थांबा, थांबा," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज आता अगदी बैठकीच्या खोलीतला झाला होता, फक्त हॉलएवढा मोठा. "खरं सांगा. कुणाच्या घरात झाकणं वेगळी आणि डबे वेगळे आहेत?" सगळ्यांचे हात वर. मुख्याध्यापिका बाईंचाही. "आणि कुणाच्या पोराच्या दप्तरात पातळ भाजी सांडलीय?" हात खाली आलेच नाहीत. "मीपण सांडली होती. याच हॉलमध्ये, याच कपाटातल्या पुस्तकावर. आता हे बघा. या झाकणाला रबर आहे, त्याला नाही. बोट फिरवून बघायचं, दाबायचं, टक असा आवाज ऐकायचा. आवाज आला नाही तर माझ्या नवऱ्याचं काय झालं ते आठवायचं."

त्यांनी दुसरा भरलेला डबा घेतला, झाकण शोधलं, बोट फिरवलं, दाबलं. टक. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये सगळ्यांनी ते ऐकलं.

"पुन्हा बसता का हो?" त्यांनी हळूच विचारलं.

भाऊंच्या कानात पाणी होतं, मोजे पचपचत होते, आणि उद्या कचेरीत तोंड कसं दाखवायचं हा प्रश्न तसाच होता. पण समोर उभ्या असलेल्या या बाईकडे बघून त्यांना असं भरून आलं की विचारू नका. एवढ्या फजितीतून जिने सगळा हॉल ओंजळीत घेतला, ती आपली बायको! ते बसले. वहिनींनी डबा उलटा केला, हलवला, गदागदा हलवला. सल्लागार डोळे मिटून बसले होते. थेंब पडला नाही.

टाळ्या थांबेपर्यंत टेबलाभोवती गर्दी झाली होती. हेडक्लार्क रांगेत तिसरे होते. साहेब भाऊंचा ओला हात हातात घेऊन म्हणाले, "रेकॉर्डमधली माणसं इतकी धाडसी असतात हे माहीत नव्हतं." भाऊंना हे कौतुक आहे की चेष्टा, ते अजूनही ठरवता आलेलं नाही.

वर्ष संपायच्या आत टाकी बदलली आणि छत झालं. पुस्तकं वरच राहिली. ते आणि उलट्या डब्याचा खेळ बघायला वहिनींनी आजूबाजूच्या शाळांच्या, एका व्यायामशाळेच्या आणि ज्येष्ठांच्या मंडळाच्या लोकांना बोलावलं. सगळ्यांना आपापल्याकडे असा कार्यक्रम हवा होता, आणि प्रत्येकाने फोनवर एकच चौकशी केली होती, ते भिजणारे गृहस्थ येणार ना? भाऊ यावर आठवडाभर रुसून बसले होते.

शिपायाने पंप लावला. सगळ्यांनी श्वास रोखून वर बघितलं. छत कोरडं ठणठणीत. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं, तेवढंच काय ते पाणी.

"अभिनंदन," हेडक्लार्क म्हणाले आणि पाटीकडे वळले. पाटी नव्याने रंगवली होती. "पण आता इथे पाणी येत नाही. म्हणजे आणावं लागणार. अर्ज आणि संमतिपत्र?"

वहिनींचा चेहरा उतरला. इतक्या धामधुमीत हे कुणाच्या लक्षातच नव्हतं. त्या पाहुण्यांना काहीतरी सांगायला वळल्या, तेवढ्यात भाऊ पुढे झाले आणि त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून हेडक्लार्कच्या हातात दिला.

हेडक्लार्कनी तो मोठ्याने वाचला. "मी, खाली सही करणार, माझ्या डोक्यावर पाण्याचा डबा उलटा धरण्यास राजीखुशीने संमती देत आहे. ठिकाण, ही नेईल ते. मुदत, कायम. अट एकच, झाकणं लावण्याचं काम माझ्याकडे देऊ नये." त्यांनी कागद उलटसुलट केला. "कारण लिहिलेलं नाही."

"लिहा," भाऊ म्हणाले. "डबा हिच्या हातात असतो."

हेडक्लार्कनी पेनाचं टोपण काढलं, शब्दन् शब्द लिहून घेतला आणि खाली शिक्का मारला. वहिनींनी तो कागद घेऊन पुन्हा एकदा वाचला, सावकाश, मधल्या सुट्टीत त्या कपाटांपाशी वाचायच्या तसा.

"बरं," त्या म्हणाल्या.

भाऊंनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि खुर्चीत जाऊन बसले.